बोल्ट करकचून आवळण्याची किंमत
घरच्या घरी गाडीची देखभाल करणाऱ्या देवनहळ्ळीकरांसाठी खर्चाचा हिशेब

घरच्या पार्किंगमध्ये स्वतः इंजिन ऑइल बदललं, की छोट्या गाडीमागे दर खेपेला साधारण पाचशे ते हजार रुपयांची मजुरी वाचते. पण ऑइल चेंबरचा ड्रेन प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला आणि त्याचे आटे गेले, तर कित्येक खेपांची बचत एकदमच संपते. स्वतः काम करणाऱ्याला भीती असते ती बोल्ट सैल राहण्याची. त्या भीतीपोटीच हात शेवटचा एक झटका जादा देतो, आणि बहुतेक नुकसान त्या झटक्यात होतं.

देवनहळ्ळीच्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रत्येक विमानाच्या देखभालीत बोल्ट किती आवळायचा ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं, आणि तेवढाच तो मोजून आवळतात. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतही असे आकडे असतात. ते पाळायला जी साधनं लागतात त्यांचा खर्च एखाद्या मोठ्या चुकीच्या खर्चापेक्षा कमीच असतो.

जादा जोराने बिघडतं काय?

बोल्ट आवळताना तो अगदी सूक्ष्म ताणला जातो. हा ताण दोन भागांना एकत्र धरून ठेवतो. आपण लावलेल्या जोरापैकी जवळपास नव्वद टक्के घर्षणात जातो, निम्मा बोल्टच्या डोक्याखाली आणि उरलेला आट्यांत. प्रत्यक्ष ताण देतो तो जेमतेम दहा टक्के. म्हणून आट्यांना तेल किंवा ग्रीस लागलं की घर्षण घटतं आणि त्याच जोरात बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. मर्यादा ओलांडली की बोल्ट कायमचा लांबतो, तुटतो किंवा समोरच्या ॲल्युमिनियमचे आटे उपटून काढतो.

आवळण्याचा जोर न्यूटन मीटरमध्ये मोजतात. गाडीसोबत मिळणारा चाकाचा पाना पाव मीटर लांब धरा. त्याच्या टोकावर चाळीस किलोचा भार दिला, की साधारण १०० न्यूटन मीटर होतात. पंचाहत्तर किलोचा माणूस त्यावर उभा राहिला तर १८० च्या पुढे जातात. पान्याला पाऊण हाताचा पाइप जोडला, तर याच्या दुपटीहून जास्त. चाकाच्या नटाला यातलं पहिलं गणित पुरतं.

कुठे किती?

नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतलाच घ्या. खाली दिलेले आकडे न्यूटन मीटरमध्ये आणि फक्त अंदाज येण्यासाठी आहेत.

• चाकाचे नट: होंडा सिटीत १०८, ह्युंदाईच्या अलीकडच्या गाड्यांत १०७ ते १२७, फोक्सवॅगन पोलोच्या चाकाच्या बोल्टला १२०, मारुतीच्या लहान गाड्यांत मॉडेलनुसार ८५ किंवा १००.
• ड्रेन प्लग: बहुतेक लहान गाड्यांत ३० ते ४०.
• १४ मि.मी. आट्यांचा स्पार्क प्लग, ॲल्युमिनियम हेडमध्ये: २५ ते ३०. १२ मि.मी.चा असेल तर १५ ते २०.
• ६ मि.मी.चे छोटे बोल्ट, ज्यांना दहा नंबरचा पाना लागतो: साधारण १०. सगळ्यात जास्त बोल्ट तुटतात ते हेच. त्यांना आठ किलोचा जोर पुरतो, आणि आपला हात सहज त्याच्या तिप्पट लावतो.
• बॅटरीची टर्मिनल: ५ ते ६. शिसं मऊ असतं, म्हणून इथे मनगट पुरे.
• ऑइल फिल्टर: पाना लावूच नका. रबरी रिंगला तेलाचं बोट फिरवा, रिंग टेकल्यावर हाताने पाऊण फेरा द्या.

साधनांचा खर्च

दर ब्रँडनुसार बदलतात. साधारण अंदाज असा:

• अर्ध्या इंची टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर लागला की ‘क्लिक’ होणारा पाना (२८ ते २१० न्यूटन मीटर): साधा दोन ते साडेतीन हजार, नावाजलेल्या ब्रँडचा पाच ते नऊ हजार.
• पाव इंची, लहान (५ ते २५): दोन ते साडेतीन हजार.
• बोल्ट सोडवण्यासाठी लांब दांड्याचा ब्रेकर बार: सातशे ते बाराशे.
• दोन जॅक स्टँड: दीड ते तीन हजार. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.
• ड्रेन प्लगचा वॉशर: पंधरा ते साठ रुपये. तो दर वेळी नवा घ्या. जुना गळतो आणि मग गळती थांबवायला माणूस प्लग आणखी आवळतो.

रेंचच्या दांड्यावरची रेंज नीट पाहा. क्लिकचा रेंच त्याच्या कमाल आकड्याच्या वीस टक्क्यांखाली भरवशाचा नसतो. म्हणजे २१० चा रेंच चाकांना उत्तम, पण ड्रेन प्लगला पूर्ण भरवशाचा नाही आणि १० न्यूटन मीटरला तर अजिबात नाही. पहिल्यांदा एकच घ्यायचा असेल तर चाकांचा घ्या. छोट्या बोल्टना आखूड पाना वापरा, तो टोकापाशी न धरता डोक्याजवळ धरा आणि फक्त बोटांनी ओढा. रेंचच्या पेटीत आयएसओ ६७८९ प्रमाणे चाचणीचा दाखला असावा, आणि दाखल्यावरचा क्रमांक रेंचवर कोरलेल्या क्रमांकाशी जुळायला हवा.

खरेदी कुठे करायची? बंगळूरचा एस. पी. रोड हत्यारांसाठी आणि जे. सी. रोड गाडीच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. पण देवनहळ्ळीहून जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर पडतात. पंधराचं मायलेज धरलं तर पेट्रोलच साडेपाचशेच्या आसपास, शिवाय टोल. एकच वस्तू हवी असेल तर ऑनलाइन मागवणं स्वस्त पडतं. पाच-सहा वस्तू प्रत्यक्ष हातात घेऊन निवडायच्या असतील तरच फेरी परवडते. सॉकेट आणि पाने घ्यायचे असतील तर नाशिकच्या सातपूरला बनणारा तापडियाचा माल बंगळूरलाही सहज मिळतो. बिल मात्र घ्याच. वस्तू सदोष निघाली आणि दुकानदार दाद देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे विक्रेता कुठलाही असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते.

चुकीचा खर्च

लहान हॅचबॅक धरून साधारण अंदाज:

• चाकाचा स्टड तुटला: स्टड शंभर ते अडीचशे, मजुरी तीनशे ते आठशे.
• ड्रेन प्लगचे आटे गेले: नवे आटे पाडून हेलिकॉइल (आट्यांची तारेची गुंडाळी) बसवायला आठशे ते दोन हजार. चेंबरच बदलावं लागलं तर अडीच ते सात हजार, शिवाय ऑइल आणि मजुरी.
• तुटलेला ६ मि.मी.चा बोल्ट काढणं: पाचशे ते दोन हजार.
• स्पार्क प्लगचे आटे गेले: जागेवर दुरुस्त झालं तर दोन ते पाच हजार. हेड उतरवावं लागलं तर पंधरा हजारांच्या पुढे.
• चाकाचे नट कमी-जास्त आवळल्याने ब्रेक डिस्क वाकडी होऊन ब्रेक थरथरू लागले: दोन डिस्कचे चार ते आठ हजार.

आवळण्याची पद्धत

आटे तारेच्या ब्रशने साफ करा. ते कोरडे ठेवा. पुस्तिकेत सांगितलं असेल तरच तेल लावा. नवीन स्पार्क प्लगच्या आट्यांवर बहुतेक वेळा मुलामा असतो, त्यावर वेगळं ग्रीस नको. प्रत्येक बोल्ट आधी बोटांनी दोन-तीन फेरे फिरवा. तिथेच अडला तर आटे तिरके बसलेत. पान्याने रेटू नका, काढून पुन्हा लावा.

चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा. आधी सगळे अर्ध्या जोराने, मग गाडी जमिनीवर टेकवून पूर्ण आकड्याला. रेंच दांड्याच्या मुठीतच धरा आणि सावकाश ओढा. पहिला ‘टक’ ऐकू आला की थांबा. ‘खात्रीसाठी’ दुसऱ्यांदा ओढणं म्हणजे आकडा ओलांडणं. पन्नास ते शंभर किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा एकदा तपासा.

टॉर्क रेंचने बोल्ट सोडवू नका, त्याने त्याचं माप बिघडतं. काम झालं की स्प्रिंग सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवा. घरगुती वापरातही काही वर्षांनी माप तपासून घ्यावं. बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या प्रयोगशाळांत हे काम होतं. खर्च साधारण हजाराच्या आसपास येतो. त्यामुळे अगदी स्वस्त रेंच तपासण्यापेक्षा बदललेला बरा.

सिलिंडर हेडचे बोल्ट ठरलेल्या जोरानंतर ठरलेल्या कोनातही फिरवायचे असतात, आणि त्यातले बरेच पुन्हा वापरता येत नाहीत. ते घरी करू नका. ब्रेक कॅलिपर आणि सीटबेल्टचे बोल्टही जाणकार सोबत असल्याशिवाय उघडू नका.

पंक्चरच्या दुकानात

घरी तुम्ही कितीही काळजी घेतली तरी रस्त्यावरच्या दुकानातली हवेची गन पाचशे न्यूटन मीटरहून जास्त जोर लावू शकते. दोड्डबळ्ळापूरमार्गे दाबसपेटला निघून बेळगाव-कोल्हापूरचा रस्ता धरला, आणि हावेरीच्या आसपास रात्री चाक बसलं, तर असे नट गाडीतल्या पान्याने सुटत नाहीत. कुटुंब गाडीत असताना ही अडचण धोक्याची ठरते. म्हणून चाक चढवतानाच कन्नडमध्ये सांगा: ‘गन बेड, कैयल्ले टैट माडि’, म्हणजे गन नको, हातानेच आवळा. शेवटचं आवळणं हातानेच होऊ द्या. निघण्याआधी घरी सगळे नट एकदा सैल करून मोजून आवळा.

घ्यायचं की नाही?

वर्षातून एकदा एअर फिल्टर आणि वायपर बदलत असाल, तर टॉर्क रेंचची गरज नाही. चाकं अदलाबदल करता, ऑइल बदलता, प्लग पाहता, तर दुसऱ्या वर्षापर्यंत पैसे वसूल होतात. सोसायटीत चार घरांनी मिळून एक साधा टॉर्क रेंच घेतला तर घरटी हजार रुपयेही पडत नाहीत. आधी सोसायटीची परवानगी घ्या. उतरवलेलं जुनं ऑइल गटारात न ओतता गॅरेजमार्फत पुनर्वापर करणाऱ्याकडे पाठवा, कारण कायद्याने तो घातक कचरा आहे.

सुरुवात मात्र एक रुपयाही न खर्चता करता येते. या रविवारी गाडीची पुस्तिका उघडा. चाकाचे नट, ड्रेन प्लग आणि स्पार्क प्लग यांचे आकडे कागदावर लिहा. पुस्तिकेत नसतील तर सर्व्हिस सेंटरकडून मागून घ्या. तो कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. मग सपाट जागी, हँडब्रेक ओढून, गाडीतल्याच पान्याने प्रत्येक चाकाचा एकेक नट थोडा सैल होतो का ते पाहा आणि लगेच परत आवळा. एखादा हलत नसेल, तर तो आजच घराजवळच्या गॅरेजमध्ये सोडवून नीट बसवून घ्या.