किरणांचे मोजमाप आणि रक्ताचे मूळ

“प्रत्यारोपण तर झाले, मग रक्तपेशी वाढण्यास इतके दिवस का लागतात?” अस्थिमज्जा-प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या आप्तस्वकीयांचा हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर गेल्या शतकाच्या मध्यास प्रयोगशाळेतील उंदरांनी दिले.

प्रथम मोजमापाविषयी. किरणोत्सर्ग डोळ्यांस दिसत नाही. १९२८ साली मान्य झालेले ‘राँटजेन’ हे एकक किरणांमुळे हवेत निर्माण होणारा विद्युतभार मोजत असे. शरीराने शोषलेली ऊर्जा मोजण्यासाठी १९५३ साली ‘रॅड’ व १९७५ साली ‘ग्रे’ हे एकक आले. एक ग्रे म्हणजे १०० रॅड. मात्रा अचूक ठाऊक नसेल, तर प्राणी उपचाराने वाचला की मुळात मात्राच कमी पडली, हे सांगता येत नाही. आरंभीची शिल्लक चुकली की पुढचा ताळेबंद जुळत नाही, तसेच हे.

१९४९ साली शिकागो विद्यापीठात लिऑन जेकबसन यांनी उंदरांची प्लीहा शिशाने झाकून उर्वरित शरीरास मारक मात्रा दिली. बहुतेक उंदीर जगले. १९५१ साली एगॉन लॉरेन्झ व सहकाऱ्यांनी मज्जा टोचूनही तेच साधले. हे कार्य एखाद्या द्रवाचे की जिवंत पेशींचे? दात्याच्या पेशींची गुणसूत्रे ग्राही प्राण्यात आढळली आणि १९५६ च्या सुमारास पेशींच्या बाजूने कौल मिळाला. १९६१ साली टोरांटो येथे जीवभौतिकीतज्ज्ञ जेम्स टिल व वैद्य अर्नेस्ट मकलॉक यांना अशा उंदरांच्या प्लीहेवर सुमारे दहा दिवसांनी लहान गाठी दिसल्या. टोचलेल्या सुमारे दहा हजार पेशींमागे गाठ एकच. प्रत्येक गाठ एकाच मूळपेशीची संतती असल्याचे १९६३ साली सिद्ध झाले.

वरील प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. बियाणे मोजके असते. ते रुजून वाढण्यास माणसात साधारण दोन ते चार आठवडे जातात. मानवी प्रत्यारोपणाचा पाया घालणाऱ्या डॉ. ई. डॉनल थॉमस यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली असे प्रत्यारोपण झाले.

या मधल्या काळात रुग्ण दात्यांच्या रक्तावर जगतो. दात्याच्या पांढऱ्या पेशींनी रुग्णावर हल्ला करू नये, म्हणून रक्तपिशवीस सुमारे २५ ग्रे मात्रा देतात. अचूक मोजमापाचा धडा येथेही उपयोगी पडतो. बिंबिका मात्र सर्वसाधारणपणे पाचच दिवस टिकतात. त्यांचा साठा करून ठेवता येत नाही.

म्हणून आमची नम्र विनंती, की धनाइतकेच नियमित रक्तदानही आपल्या दातृत्वात असावे. ज्या मुक्या जिवांमुळे हे ज्ञान लाभले, त्यांचेही येथे कृतज्ञतापूर्वक स्मरण करतो.