थाई सासर, भारतीय जावई : घर, जमीन आणि कायदा

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील सांगत आले आहेत. ही दोन्ही कामे ज्याला परमुलखात आणि परक्या कायद्याच्या चौकटीत करावयाची असतात, त्याला या म्हणीचा प्रत्यय दुपटीने येतो. बँकॉकमधील फाहुरातचा कापडबाजार आणि सीलोम परिसरातील रत्नांचा व्यापार यांच्याशी भारतीयांचा संबंध जुना आहे. अलीकडच्या काळात नोकरीनिमित्त थायलंडला जाणाऱ्यांची त्यात भर पडली आहे. त्यांपैकी काहींचे विवाह थाई मुलींशी होतात. संसार सुरू होतो आणि पाठोपाठ घराचा विचार येतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुण्याच्या एका अभियंत्याने थायलंडच्या ईशान्येकडील उदोन थानी प्रांतातील मुलीशी विवाह केला. पंधरा वर्षांच्या बचतीतून तिच्या गावी जमीन घेतली आणि टुमदार घर बांधले. जमीन अर्थातच पत्नीच्या नावे झाली. या घरात आपला कायदेशीर हिस्सा किती, हा प्रश्न सुखाच्या दिवसांत त्याच्या मनाला शिवलाही नाही. तो वेळीच का विचारावा, हे सांगणे हाच या लेखाचा हेतू आहे.

जमिनीवरील निर्बंध

थायलंडचा भूमी संहिता कायदा १९५४ सालचा आहे. परदेशी व्यक्तीला जमीन धारण करण्याचा हक्क तिच्या देशाशी झालेल्या तहान्वयेच मिळू शकतो, असे हा कायदा सांगतो. असे तह १९७० पर्यंत संपुष्टात आले. चार कोटी थाई बात इतकी विहित गुंतवणूक करणाऱ्यास मंत्र्यांच्या परवानगीने राहण्यापुरती एक राय, म्हणजे १,६०० चौरस मीटर जमीन घेता येते. परंतु सामान्य नोकरदाराच्या दृष्टीने हा मार्ग नसल्यासारखाच आहे. थाई नागरिकांना नावापुरते भागधारक दाखवून कंपनीच्या नावे जमीन घेण्याचा सल्ला काही मध्यस्थ देतात. तो मानू नये. असा व्यवहार बेकायदेशीर असून त्यास दंड व कैद अशी शिक्षा आहे.

हा निर्बंध मराठी वाचकाला फारसा अनोळखी वाटू नये. महाराष्ट्रातही शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही. जमीन कोणाच्या हाती जावी, हा प्रश्न प्रत्येक समाजाला जिव्हाळ्याचा वाटत आला आहे.

विवाह आणि मालमत्तेचे दोन प्रकार

थायलंडमध्ये धार्मिक विधीने विवाह पूर्ण होत नाही. ‘अम्फो’, म्हणजे आपल्याकडील तालुका कचेरीसारख्या कार्यालयात नोंदणी झाली, तरच कायदा त्यास विवाह मानतो. त्यासाठी वर विवाहास मोकळा असल्याचे त्याच्या दूतावासाचे प्रमाणपत्र आणि त्याचा साक्षांकित थाई अनुवाद आवश्यक असतो. २३ जानेवारी २०२५ पासून विवाहसमानतेचा कायदा लागू झाला असून आता कोणत्याही लिंगाच्या दोन व्यक्तींना विवाहाची नोंदणी करता येते. किमान वय १८ वर्षे आहे.

नोंदणीनंतर मालमत्तेचे दोन भाग पडतात. विवाहापूर्वीची, तसेच वारसाने किंवा देणगीदाखल मिळालेली मालमत्ता ‘सिन सुअन तुआ’, म्हणजे ज्याची त्याची स्वतंत्र मालमत्ता होय. विवाहानंतर कमावलेली ती ‘सिन सोमरोस’, म्हणजे सामाईक मालमत्ता. घटस्फोट झाल्यास सामाईक मालमत्तेची समसमान वाटणी होते. वेगळी व्यवस्था हवी असल्यास विवाहपूर्व करारनामा करून त्याची नोंद विवाहाच्या वेळीच करावी लागते.

येथे एक महत्त्वाची मेख आहे. परदेशी व्यक्तीशी विवाह केलेल्या थाई स्त्रीला जमीन घेणे १९९९ पर्यंत जवळजवळ अशक्य होते. त्या वर्षी गृह मंत्रालयाने वाट मोकळी केली, परंतु एक अट घातली. जमिनीसाठीचा पैसा हा थाई जोडीदाराची स्वतंत्र मालमत्ता आहे, असे दोघांनी भूमी कार्यालयात लेखी द्यावे लागते. याचा अर्थ असा की, पैसा प्रत्यक्षात पतीच्या खात्यातून गेला असला तरी स्वाक्षरी करताच त्या जमिनीवरील त्याचा दावा संपतो. ती ‘सिन सोमरोस’ राहत नाही. स्वाक्षरी करताना आपण काय सोडून देत आहोत, याची जाणीव पतीला असणे अगत्याचे आहे.

जमीन तिची, घर कोणाचे?

थाई कायद्यात जमीन आणि तीवरील इमारत यांची मालकी वेगवेगळी असू शकते. परदेशी व्यक्तीला इमारतीची मालकी घेता येते. त्यासाठी बांधकाम परवाना स्वतःच्या नावे घ्यावा, कंत्राट व देयके जपून ठेवावीत आणि दुसऱ्याच्या जमिनीवर इमारत धारण करण्याचा हक्क भूमी कार्यालयात नोंदवावा. ‘ताबियन बान’ ही घराची नोंदवही असते. ती वास्तव्याचा दाखला आहे, मालकीचा नव्हे.

आणखी दोन मार्ग आहेत. पहिला नोंदणीकृत भाडेपट्टा. त्याची कमाल मुदत ३० वर्षे असून तीन वर्षांहून अधिक काळाचा पट्टा नोंदवावाच लागतो. दुसरा उपभोगाधिकार. त्यायोगे जमिनीत राहण्याचा व तिचे उत्पन्न घेण्याचा हक्क तहहयात मिळू शकतो, आणि मालकाच्या मृत्यूने तो संपत नाही.

मात्र नागरी व व्यापारी संहितेचे कलम १४६९ येथे आडवे येते. पती-पत्नींनी विवाहकाळात आपापसांत केलेला करार दोघांपैकी कोणीही विवाहकाळात केव्हाही, अथवा विवाह संपल्यापासून एक वर्षाच्या आत, रद्द करू शकते. म्हणजे पत्नीने दिलेला उपभोगाधिकार तिच्या अकाली निधनानंतर पतीला आसरा देतो, परंतु घटस्फोटाच्या प्रसंगी त्याचा भरवसा धरता येत नाही. विवाहापूर्वी केलेल्या करारास हे कलम लागत नाही. तसेच जमीन सासू-सासऱ्यांची असेल आणि हक्क त्यांनी दिला असेल, तर तो करार पती-पत्नींमधला नसल्याने अधिक भक्कम ठरतो.

जमिनीचा दस्तही पारखून घ्यावा. ‘चनोत’ हा पूर्ण मालकीचा दस्त होय. ‘सो पो को ४-०१’ या दस्ताची जमीन शासनाने शेतीसाठी दिलेली असते. ती वारसाकडे जाऊ शकते, पण विकता येत नाही. दस्तांवर वर्ष बौद्ध गणनेचे असते, त्यातून ५४३ वजा केले की इसवी सन मिळतो.

सदनिकेचा पर्याय

ज्याला स्वतःच्या नावे मालकी हवी, त्याच्यासाठी सदनिका हा सरळ मार्ग आहे. १९७९ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सदनिका-संकुलातील एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंत मालकी परदेशी व्यक्तींकडे असू शकते. यासाठी पैसा परदेशातून परकीय चलनात आल्याचा पुरावा सामान्यतः द्यावा लागतो. थायलंडमधील बँक विदेशी चलन व्यवहाराचे जे प्रमाणपत्र देते, ते दस्ताइतकेच जपून ठेवावे. पुढे सदनिका विकून रक्कम परत नेताना तेच उपयोगी पडते.

सासरची रीत

कायद्याइतकीच कुटुंबाची रीतही समजून घ्यावी लागते. विवाहात वराकडून वधूच्या आईवडिलांना ‘सिन सोत’ देण्याची प्रथा आहे. मुलीला वाढविल्याबद्दलची ती कृतज्ञता मानली जाते. आपल्याकडे मुलगी सासरी जाते; ईशान्य थायलंडमध्ये परंपरेने जावईच मुलीच्या घरी राहावयास येतो. बहुधा धाकटी मुलगी आईवडिलांना सांभाळते आणि घर तिच्याकडे जाते. ‘घरजावई’ या शब्दाला आपल्याकडे जो किंचित उपहासाचा सूर आहे, तो तेथे नाही.

आईवडिलांचे उपकार फेडणे हे थाई मुलांचे मोठे कर्तव्य समजले जाते. त्यामुळे पत्नी दरमहा माहेरी पैसे पाठवू लागली, तर तिने संसाराकडे पाठ फिरविली असा अर्थ काढू नये. आपल्या गावी मनिऑर्डर पाठविणाऱ्या गिरणी कामगाराच्या मराठी वारसाला ही भावना समजावून सांगण्याची गरज नाही. ही रक्कम किती असावी, हे दोघांनी आधीच मोकळेपणाने ठरवावे.

पतीचे तेथील वास्तव्यही विवाहावर अवलंबून असते. थाई जोडीदाराच्या आधारे मिळणाऱ्या वार्षिक मुदतवाढीसाठी थाई बँकेत ४ लाख बात ठेव किंवा दरमहा ४० हजार बात उत्पन्न दाखवावे लागते, तसेच दर ९० दिवसांनी वास्तव्याची वर्दी द्यावी लागते.

पश्चात काय?

आता आपल्या अभियंत्याकडे परत येऊ. समजा, त्याची पत्नी मृत्युपत्र न करता निवर्तली आणि मागे पती, दोन मुले व तिची आई आहेत. थाई वारसा कायद्यानुसार तिच्या स्वतंत्र मालमत्तेचे चार समान हिस्से होतील. पतीच्या वाट्याला जमिनीचा एक चतुर्थांश हिस्सा येईल, परंतु तो स्वतःकडे ठेवण्यास त्याला परवानगी हवी. तहाअभावी ती प्रत्यक्षात मिळत नाही. मग १८० दिवसांपेक्षा कमी नसलेल्या आणि एक वर्षापेक्षा जास्त नसलेल्या मुदतीत हिस्सा विकावा लागतो. न विकल्यास भूमी विभागाचे महासंचालक तो विकू शकतात. ज्या अंगणात मुले वाढली, तेथे राहण्याचा हक्क असा अधांतरी लोंबकळू शकतो.

यावर उपाय आहे आणि तो फारसा खर्चिकही नाही. पत्नीने मृत्युपत्र करून जमीन मुलांना द्यावी आणि हयातीतच पतीचा उपभोगाधिकार नोंदवून ठेवावा. थाई आईचे मूल जन्मतः थाई नागरिक असल्याने त्याच्या नावे जमीन होण्यास अडचण नसते. मात्र अज्ञान मुलाची जमीन न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. त्यामुळे थाई पारपत्र घेतलेल्या मुलासाठी, तसेच विवाह नोंदणीनंतर दोन वर्षे टिकून असल्यास पत्नीसाठीही, भारताचे समुद्रपार नागरिक म्हणून नोंदणी हा पर्याय आहे. अशा नोंदणीनंतर पत्नीला भारतात घर घेता येते. शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही.

पैसे पाठविताना

निवासी भारतीयास रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात २.५ लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता येते. फेब्रुवारी २००४ मध्ये ही योजना सुरू झाली, तेव्हा मर्यादा २५ हजार डॉलर होती. ग्राहकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

• प्रेषणाचा हेतू खरा व स्पष्ट लिहावा. मालमत्ता खरेदी, देणगी व कुटुंबाचा निर्वाह हे वेगवेगळे हेतू आहेत.
• सदनिकेसाठीची रक्कम खरेदीदाराच्याच नावाने आणि परकीय चलनात पाठवावी; तिचे बातमध्ये रूपांतर थायलंडमध्ये व्हावे.
• परदेशातील मालमत्ता व खाती यांची माहिती भारतीय प्राप्तिकर विवरणपत्रात देणे निवासी करदात्यास बंधनकारक असते.
• थाई भाषेतील कोणत्याही दस्तावर, स्वतःच्या विश्वासातील अनुवादकाकडून वाचून घेतल्याशिवाय स्वाक्षरी करू नये.

काही जणांना हा सारा हिशेब प्रेमाच्या नात्यात अप्रशस्त वाटेल. परंतु उपभोगाधिकाराच्या नोंदीवर पत्नीची स्वाक्षरी लागते, मृत्युपत्र तिनेच करावयाचे असते आणि जमिनीवरील हक्क सोडल्याचे पती लिहून देतो. म्हणजे ही कागदपत्रे दोघांच्या संमतीनेच तयार होतात. सुखाच्या दिवसांत, सासू-सासऱ्यांना विश्वासात घेऊन आणि थाई वकिलाचा सल्ला घेऊन ती करावीत. आपला अभियंता आज हा लेख वाचत असेल, तर त्याने बचतीचे पुस्तक आणि जमिनीचा दस्त घेऊन आज संध्याकाळीच पत्नीजवळ बसावे.