आमच्या हवेस मानवणारी हिरवळ

शाळेच्या दर्शनी आवारांत हिरवळ असावी, ही इच्छा आम्हांस पुष्कळ दिवसांपासून होती. एका वर्षीं कार्तिकांत आम्हीं रायग्रास नांवाच्या गवताचें बीं आणून पेरलें. थोड्याच दिवसांत कोंवळे अंकुर वर आले आणि नाताळापर्यंत सारें आवार मखमलीसारखें दिसूं लागलें. पालकांनीं तोंड भरून प्रशंसा केली. आम्हीही मनांतून फुशारलों. पुढें फाल्गुन सरतांना तें पिवळें पडलें. सकाळ-संध्याकाळ पाणी घातलें, खत घातलें. तरी चैत्राअखेर तेथें नुसती धूळ उडत होती. बियांत खोट नव्हती, माळ्याचाही अपराध नव्हता. निवड करणारे आम्ही चुकलों होतों.

या चुकीचें कारण विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावें. हिरवळीचीं गवतें मुख्यतः दोन प्रकारचीं: थंड हवेंत वाढणारीं व उन्हांत वाढणारीं. रायग्रास पहिल्या प्रकारचें. सुमारें १५ ते २४ अंश सेल्सिअस उष्णता त्यास मानवते. हवा फार तापली म्हणजे त्याचीं पानें कार्बन डायऑक्साइडऐवजीं बराचसा प्राणवायूच धरूं लागतात, व अन्न तयार होण्याऐवजीं खर्ची पडतें. उन्हांतल्या गवतांच्या पानांत मात्र कार्बन डायऑक्साइड आधीं सांठवून घेण्याची सोय असते. ज्वारी व ऊंस यांच्या पानांतही हीच सोय आहे. म्हणूनच तीं पिकें आमच्या पठारावरील उन्हांत तग धरतात.

अशा गवतांपैकीं आमच्या दारचें गवत म्हणजे हरळी. गणपतीस वाहतात ती दूर्वा हीच. शेतकऱ्यास मात्र ती वैऱ्यासारखी वाटते, कारण तिचीं कांडीं जमिनीवर पसरतात तशींच जमिनीखालींही धांवतात, आणि तुटलेल्या प्रत्येक पेरास नवीं मुळें फुटतात. एका विद्यार्थ्याच्या वडिलांकडे आम्हीं थोडी हरळी मागितली, तेव्हां ते हंसून म्हणाले, “गुरुजी, लागेल तेवढी न्या, वर आम्हीच तुम्हांला मजुरी देऊं!” शेतांत जो दोष, तोच आवारांत गुण ठरला.

आषाढांत जमीन खणून, लव्हाळ्याच्या गांठी वेंचून काढून, हरळीचे मुळांसकट तुकडे चार-चार बोटांवर रोपले. लव्हाळा आधींच काढावा. मागाहून तो हिरवळींतून निघणें फार कठीण. पावसानें बाकीचें काम केलें.

खरा प्रश्न पाण्याचा होता. सह्याद्रीच्या माथ्यावरील महाबळेश्वरास जेवढा पाऊस पडतो, त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास अहिल्यानगराकडे पडतो. ढग घांटावरच रिते होतात. भर उन्हाळ्यांत हिरवळ हिरवी ठेवावयाची, तर रोज सुमारें ५ मिलिमीटर पाणी लागतें, म्हणजे १०० चौरस मीटर आवारास ५०० लिटर. ज्या गांवांत बायामाणसें टँकरपुढें हंडे घेऊन उभीं राहतात, तेथें एवढें पाणी गवतावर ओतणें आम्हांस तरी शोभत नाहीं. हरळीची थोरवी येथेंच आहे. पाणी तोडलें कीं ती वरून वाळते, पण खालचीं कांडीं जिवंत राहतात, आणि मृगाचीं पहिलीं सर येतांच पुन्हां फुटते. तेव्हां टंचाईच्या वर्षीं फाल्गुनानंतर पाणी बंद, असा आम्हीं नियमच केला आहे. आवार दोन-तीन महिने तांबूस दिसतें. पाहुण्यांस तें रुचत नाहीं, त्यास इलाज नाहीं.

कोंकणांतील पालकांनीं मात्र आमचें अनुकरण सरसकट करूं नये. तेथील दमट हवेंत, झाडांच्या सावलींत, रुंद पानांचें कार्पेट ग्रास अधिक चांगलें चालतें. हरळीस सावली मुळींच सोसत नाहीं. आमच्या कडुनिंबाखालीं ती दोनदां लावली, दोन्ही वेळां विरळ झाली. अखेर तेथें आम्हीं शहाबादी फरश्या बसविल्या. मधल्या सुटींत मुलें आतां डबे घेऊन तेथेंच बसतात.