किक मारूनही गाडी सुरू होत नाही तेव्हा



मंडळीतल्या कुटुंबांनी मिशनला दिलेल्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्या आजही पाड्यांवर जातात. आपल्या आकुर्डीच्या बजाज कंपनीने एम-80 आणि कावासाकी बजाज केबी 100 या गाड्या 1986 साली आणल्या. भोसरीत त्यांचे इंजिन खोलता येणारे हात घरोघर सापडतील. अडचण येते ती राजगुरुनगर सोडून वाडा-भोरगिरीच्या बाजूला गेल्यावर.

गेल्या पावसाळ्यात आमचा एक सेवक तापाच्या मुलाचे औषध घेऊन निघाला आणि वाटेतच गाडी बंद पडली. अर्धा तास किक मारल्या, प्रार्थनाही केली, शेवटी चालत गेला. औषध दुसऱ्या दिवशी पोचले. नंतर एका गॅरेजवाल्याने नवा कार्बोरेटर सांगितला. भोसरीत पाहिले तर प्लगच्या टोपीत पाणी! फडक्याने पुसली आणि दुसऱ्या किकला गाडी सुरू. म्हणून हा पाठ.

आधी टाकीत डोकावा. पेट्रोल आहे का, कॉक उघडा आहे का, रिझर्व्हवर घेतला का? हसू नका, निम्मे दुखणे इथेच असते. टाकीच्या झाकणाचे बारीक छिद्र बुजले तरी पेट्रोल खाली उतरत नाही.

मग कशालाही हात लावण्याआधी प्लग काढून पाहा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल वर येत नाही: नळी, गाळणी किंवा कार्बोरेटरचा जेट तुंबलेला. गाडी दोन महिने उभी राहिली की पेट्रोल उडून जाते आणि ऑइलचा चिकट थर जेटमध्ये बसतो. तारेने जेट कोचू नका, छिद्र मोठे होते. पेट्रोलने धुऊन हवा मारा. आजच्या पेट्रोलमधले इथेनॉल पाणी ओढते, म्हणून कार्बोरेटरची वाटीही रिकामी करा.

प्लग ओला असेल तर पेट्रोल येते आहे, ठिणगी नाही किंवा पेट्रोल जास्त झाले आहे. कॉक बंद करा, प्लग बाहेर ठेवून थ्रॉटल पूर्ण उघडा आणि आठ-दहा किक मारा. जास्तीचे पेट्रोल निघून जाईल. सांडलेले पुसून, वास जाऊ द्या. मग प्लग पुसून टोपीत बसवा, त्याचे अंग इंजिनच्या धातूला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब, आणि किक मारा. ठिणगी निळी, कडक हवी. पिवळी, मरगळलेली दिसली तर आधी दुसरा प्लग लावा, मग टोपी व वायर पाहा. ज्या गाडीत पॉइंट आहेत तिथे ते बारीक पॉलिश पेपरने घासा.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी सुरू नाही? प्लगच्या भोकावर बोट धरून किक मारा. बोट जोरात उडाले पाहिजे. उडत नसेल तर रिंगा किंवा पिस्टन गेला. बोट उडते पण गाडी पांढरा धूर ओकते, गिअरचे ऑइलही कमी होते, तर क्रँकचे ऑइल सील गेले. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण क्रँककेसमधूनच वर जाते, त्यामुळे तिथली गळती नुसत्या प्लगने सुटत नाही. अशी गाडी टेम्पोत घालून भोसरीला आणा, रस्त्यात खोलू नका.

ऑइल अंदाजाने कधी ओतू नका. गाडीच्या पुस्तकात 2 टक्के लिहिले असेल तर लिटरला 20 मिली, मापून. निघताना डिकीत एक नवा प्लग, प्लगचा पाना, पॉलिश पेपर आणि कोरडे फडके प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.