धनुष्य घेण्याआधी मापं घ्या

निपाणीत राहा की बेळगावात, पहिलं धनुष्य घरी मापं घेऊनच निवडायचं. आडोशाला दबा धरून रानडुक्कर टिपायचा बेत असेल, तर तो आत्ताच सोडा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. आपला नेम कागदी लक्ष्यावर. घ्या शिंप्याची टेप आणि या टेबलापाशी.

1. शिकवणाऱ्याला प्रकार विचारा. बांबूचं धनुष्य, रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) की कंपाउंड (चाकांचं)? साताऱ्याच्या अदिती स्वामीने 2023 मध्ये बर्लिनला कंपाउंडवर जग जिंकलं, म्हणून पोरं तेच मागतात. हट्टाला लगेच भुलू नका. ते महाग पडतं. पुढची मापं रिकर्व्हची.

2. डोळा ओळखा. हात पुढे ताणून तळव्यांची छोटी खिडकी करा, तिच्यातून लांबचा दिवा बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला दिवा दिसत राहतो, तो तुमचा. उजवा निघाला तर ‘उजवं’ धनुष्य मागा. ते धरायचं मात्र डाव्या हातात. इथेच गफलत होते.

3. वाव मोजा. भिंतीला पाठ टेकून हात पसरा, बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत इंच घ्या. ताणू नका.

4. त्याला 2.5 ने भागा. 65 आले तर तुमची ओढ, म्हणजे दोरी मागे खेचायचं अंतर, 26 इंच.

5. लांबी ठरवा. 26 इंच ओढीला 66 इंची धनुष्य, 28 ला 68. पोराला ‘वाढत्या अंगाचं’ घेऊ नका, शर्ट नाही तो!

6. पाउंड, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, ठरवा. सगळी फसगत इथेच! धनुष्याच्या पात्यांवरचा, म्हणजे मुठीच्या वर-खालच्या वाकणाऱ्या भागांवरचा, आकडा 28 इंच ओढीचा असतो; दर इंचामागे साधारण 2 पाउंड कमी-जास्त धरा. म्हणजे 24 लिहिलेलं धनुष्य तुमच्या 26 इंचांना जवळपास 20 चं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला 14 ते 16, मोठ्यांना 18 ते 24 पुष्कळ. दुकानात पूर्ण ओढून दहा अंक मोजा; खांदा थरथरला तर खालचा आकडा घ्या, कोण काय म्हणेल ते म्हणू दे. दोरी मात्र हळूच परत आणा. बाणाशिवाय सोडलीत तर पाती तडकतील.

7. पाती बदलता येणारंच घ्या. ताकद वाढली की फक्त पाती बदलायची.

8. बाण ओढीपेक्षा किमान 2 इंच लांब घ्या. आखूड बाण आधारावरून निसटून हातात घुसतो. पाउंड आणि लांबी सांगून ताठरपणा दुकानदाराकडून जुळवून घ्या.

9. हाताचं कवच आणि बोटांचा चामडी टॅब त्याच बिलात घ्या. उद्यावर टाकलंत तर आजच हात सुजेल.

10. दोरी चढवायचा पट्टाही घ्या. गुडघ्यावर वाकवून चढवलीत तर पातं पिळतं.

11. लक्ष्य मांडण्याआधी त्याच्या मागे चालत जा. बांधापलीकडे पायवाट दिसली, तर जागा बदला.