आमच्याकडे कोरडा वारा, मग मालवणात होड्या का बंद?

प्रश्न : आषाढी वारी उरकली की कुटुंबासह मालवणला जाऊन सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा विचार होता. पण तेव्हा किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात, असे कळले. आमच्याकडे त्या दिवसांत पाऊस जेमतेम भुरभुरतो, नुसता वारा सुटलेला असतो. मग तिकडचा समुद्र एवढा का खवळतो? किल्ला पाहायला कधी जावे?
— एक वाचक, नारायणगड, जि. बीड

उत्तर : अर्धे उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. आषाढात नारायणगडावर जो पश्चिमेचा वारा अंगावर येतो, बालाघाटाच्या डोंगरांवरच्या पवनचक्क्या ज्याच्या जोरावर फिरतात, तोच मोसमी वारा कोकणचा समुद्र घुसळून पुढे आलेला असतो.

लाट किती उंच उठणार हे तीन गोष्टींवर ठरते : वाऱ्याचा जोर किती, तो किती वेळ वाहिला आणि किती लांबवर मोकळे पाणी त्याला मिळाले. नैऋत्य मोसमी वारा सोमालियाच्या किनाऱ्यापासून कोकणापर्यंत 2000 किलोमीटरहून जास्त उघड्या पाण्यावरून दिवसचे दिवस वाहतो. त्यामुळे जून-जुलैत कोकणाबाहेरच्या समुद्रात 3 ते 4 मीटरच्या लाटा ही नेहमीची गोष्ट.

हा वारा सह्याद्री चढताना गार होतो आणि बाष्प तिथेच सांडतो. दक्षिण कोकणात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो तो यामुळे. घाट ओलांडून खाली उतरताना हवा दबते, तापते, ढग विरतात आणि तुमच्या वाट्याला कोरडा वारा उरतो. बीडचा पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. त्याची मोठी भिस्त बंगालच्या उपसागरावरून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर, म्हणून सप्टेंबर तुम्हाला इतका मोलाचा. थोडक्यात, घरचे आभाळ पाहून समुद्राचा अंदाज बांधता येत नाही.

आता किल्ल्याकडे वळू. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी सुरू केली. मालवणच्या धक्क्यावरून तट इतका जवळ दिसतो की एवढ्याशा पाण्याला काय घाबरायचे, असे वाटते. पण बेटाभोवती उघडे आणि बुडालेले खडक आहेत. खोल समुद्रातून आलेली लाट उथळ पाण्यात शिरली की तिचा वेग कमी होतो, उंची वाढते आणि ती फुटते. होडीला नेमके या खडकांमधून वाट काढत जावे लागते. शत्रूच्या जहाजांना दूर ठेवणारे हे खडक पावसाळ्यात प्रवाशांनाही तितकेच घातक. त्यात अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आले तर पाहायलाच नको. म्हणून मे अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत प्रवासी होड्या बंद असतात.

नारळी पौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू निवळतो. पण तुम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडा. तेव्हा पहाटे-सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. किनाऱ्यालगत त्याला लाट उठवायला पुरेसे अंतरच मिळत नाही, पाणी शांत असते. दुपारी खारे वारे जोर धरतात, तेव्हा सकाळचीच फेरी पकडा.

मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळे होतात. मे 2021 मधल्या ‘तौक्ते’ने सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला चांगलाच तडाखा दिला होता. त्यामुळे निघण्यापूर्वी हवामान विभागाचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेचा लाटांचा अंदाज पाहा. बंदरात तीन नंबरचा बावटा लागला असेल तर बेत पुढे ढकला. होडीत लाइफ जॅकेट सर्वांनी घाला, मुलांना आधी. आणि होडीवाला ‘आज नाही’ म्हणाला, तर ऊन पडले असले तरी त्याच्याशी हुज्जत घालू नका. दूरवर उठलेल्या लाटा स्वच्छ आभाळाखालीही किनाऱ्यावर येऊन आदळतात, हे त्याला ठाऊक असते.