दूर अंतराचा बिनतारी दुवा : शिक्षकांसाठी एक पाठ

हेतू. – डोंगराळ भागातील कित्येक वाड्यांपर्यंत इंटरनेटची तार पोचत नाही. पोचलीच तर पावसाळ्यात दरडीबरोबर तुटते. अशा ठिकाणी मोठ्या गावातील जोडणी हवेतून शाळेपर्यंत आणता येते. नेपाळातील म्याग्दी जिल्ह्यात, नांगी या गावी, महावीर पुन या शिक्षकाने डोंगरमाथ्यांवर टप्पे उभारून पोखरा शहराकडून अशी जोडणी आणली. या कार्याबद्दल २००७ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. यंत्रे बसविणे हे तंत्रज्ञाचे काम होय. परंतु पैसा खर्च होण्यापूर्वी दुवा शक्य आहे की नाही, हे पारखण्यास गावची भूमी जाणणारा शिक्षकच अधिक योग्य असतो.

तत्त्व. – दोन टोकांना दोन तबकड्या समोरासमोर असाव्यात व मध्ये आडोसा नसावा, हा पहिला नियम. तथापि एक टोक दुसऱ्यावरून नुसते दिसणे पुरेसे नाही. लहरींना लागणारी वाट दोऱ्यासारखी बारीक नसून चातीवरील सुताच्या कुकडीसारखी, मध्ये फुगीर व टोकांना निमुळती असते. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल यांच्या नावाने ती ओळखली जाते. अंतर १० किलोमीटर व वारंवारता ५.८ गिगाहर्ट्झ असता मध्यभागी तिची त्रिज्या सुमारे ११.४ मीटर भरते. तिचा निदान ६० टक्के भाग, म्हणजे सुमारे ६.८ मीटर, मोकळा हवा. पृथ्वीच्या गोलाईसाठी आणखी दीड मीटर धरावा. म्हणजे मध्यावरील झाडांच्या शेंड्यांपासून दृष्टिरेषा ८ मीटरांहून थोडी अधिक उंच असली पाहिजे.

पाहणी. – ही पाहणी केवळ उन्हाळ्यात करू नये. तेव्हा सागाची पाने गळालेली असतात व वाट मोकळी भासते. पावसाळ्यात तीच झाडे ओल्या पानांनी भरतात आणि दुवा क्षीण होतो. या वारंवारतेला पावसाच्या धारांपेक्षा ओल्या पानांचा अडथळा अधिक होतो. झाडे वाढतात, हेही विसरू नये.

जुळवणी. – ६० सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीचा झोत सुमारे ६ अंश रुंद असतो. ती १ अंशाने चळली तर १० किलोमीटरवर झोताचा मध्य सुमारे १७५ मीटर सरकतो. म्हणून खांब वाऱ्याने न हलणारा असावा. एका वेळी एकच तबकडी हळूहळू फिरवावी. दुसऱ्या टोकाचा माणूस स्वस्थ राहून आकडे सांगेल. पहिला संकेत मिळताच थांबू नये, कारण तो झोताच्या बाजूच्या फाट्याचाही असू शकतो. दोन्ही बाजूंस पुढे जाऊन सर्वांत प्रबळ जागा शोधावी. यंत्रात अंतराचा आकडाही भरावा. लहरीस १० किलोमीटर जाण्यास सुमारे ३३ मायक्रोसेकंद लागतात. तो वेळ न धरल्यास यंत्र पोच येण्यापूर्वीच तोच मजकूर पुन्हा पाठवीत राहते.

दक्षता. – उंच खांब विजेला आमंत्रण देतो. अर्थिंग व वीजरोधक यांवाचून तो उभारू नये. विद्युत्‌वाहिनीपासून तो दूर असावा. विद्यार्थ्यांना त्यावर कधीही चढू देऊ नये. खांबावरील यंत्रापासून खोलीपर्यंतची तार १०० मीटरांहून लांब नसावी. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील काही वारंवारतांना केंद्र शासनाने २०१८ साली परवान्यातून सूट दिली; मात्र शक्तीची घालून दिलेली मर्यादा पाळलीच पाहिजे.

वर्गातील उपयोग. – वरच्या वर्गातील मुलांकडून समोच्चरेषांच्या नकाशावरून वाटेचा छेद आलेखपत्रावर काढवून घ्यावा. झाडांची उंची समरूप त्रिकोणांनी, सावलीवरून मोजवावी. भूगोल व गणित यांचा असा मेळ पुस्तकात क्वचितच पडतो. छेदात मधली टेकडी आड येत असेल, तर अहवालात तसे स्पष्ट लिहावे. अधिक मोठी तबकडी घेऊन टेकडी हटत नाही. मधल्या माथ्यावर टप्पा उभारावयाचा तर तेथे सौरवीज व ती सांभाळणारा माणूस लागतो. तो मिळणार नसेल तर योजना तूर्त थांबविणेच हिताचे. शाळेचा पैसा गंजलेल्या खांबात अडकून पडण्यापेक्षा मुलांनी काढलेला तो छेद अधिक मोलाचा ठरेल.